दही – जांभळं

आमच्या प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात दह्याने व्हायची. खाण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. घरून डबीत आणलेलं दही थेंबभर पाण्यात कालवायचं, काचपट्टीवर पसरायचं, दिव्याच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्कं करायचं आणि रंगवून मायक्रोस्कोपखाली धरायचं. दह्यातले जंतू जांभळे दिसले की रजिस्टरात तारीख टाकून लिहायचं, ‘दही – जांभळं’. त्यानंतरच पेशंटच्या काचांना हात लावायचा. हा नियम आमच्या सरांचा. यवतमाळच्या त्या दवाखान्यात ते माझ्या कितीतरी आधीपासून होते; पुसदकडचे, बोलायला कमी आणि टोमणा मारायला सदैव तयार. नवीन लागले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की रोज कशाला दही, आठवड्यातून एकदा पुरे. ते म्हणाले, तुम्ही आठवड्यातून एकदाच जेवता का? त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जंतू मुळात बिनरंगाचे असतात, नुसते पाहिले तर काही कळत नाही. म्हणून त्यांच्यावर आधी जांभळा रंग ओततात, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुतात आणि शेवटी गुलाबी रंग देतात. ज्या जंतूंच्या अंगाभोवतीची भिंत जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात, धुतला तरी सोडत नाहीत. ज्यांची भिंत पातळ असते त्यांचा जांभळा निघून जातो आणि शेवटचा गुलाबी चढतो. जाड गोधडी आणि पातळ ओढणी एकाच रंगात बुडवून धुतली तर जे होईल, तसंच काहीसं. जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. यात एक चांगला आणि दुसरा वाईट असं काही नाही. जीव घेणारे दोन्हीकडे आहेत. पण जंतू कोणत्या घराण्यातला हे ठरवायची सुरुवात या दोन रंगांपासून होते.

यात आयोडीनचं काम जांभळ्या रंगाला आत घट्ट धरून ठेवण्याचं. ते कमजोर पडलं की जाड भिंतीचे जंतूही रंग सोडतात आणि खुशाल गुलाबी होऊन बसतात. बघणाऱ्याला ते कळत नाही. दह्यातले जंतू जाड भिंतीचे असतात हे पक्कं माहीत असतं, म्हणून ते गुलाबी दिसले तर दोष आपल्या बाटल्यांचा. मला हे सगळं तोंडपाठ होतं. परीक्षेत याच प्रश्नाला मी पूर्ण मार्क घेतले होते.

ती गोष्ट मे महिन्यातली आहे. सर भाचीच्या लग्नासाठी दहा दिवसांच्या सुट्टीवर पुसदला गेले होते आणि प्रयोगशाळा माझ्या एकटीच्या ताब्यात होती. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आयोडीनची तपकिरी बाटली माझ्या हातून निसटली. खाली फरशीवर पडून तिचा गळा फुटला, पण तळात बरंच आयोडीन शिल्लक होतं. ते मी गाळून साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरलं. तिचं बूच नीट बसत नव्हतं. बाटली खिडकीजवळच्या फळीवर ठेवली, तात्पुरती. दुपारी त्या खिडकीतून ऊन थेट फळीवर येई आणि मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. आयोडीनला उजेड आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. गुरुवारी दही जरा फिकट जांभळं दिसलं होतं. मी स्वतःला सांगितलं की पाणी जास्त झालं असेल.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी सगळ्या दह्याची कढी करून टाकली होती. विरजणाला चमचाभरही उरलं नव्हतं. मी वाटी घेऊन शेजारी गेले. शेजारीण नुकतीच तुळशीपुढे दिवा लावून वळत होती. तिने माझ्या हातातली वाटी पाहिली आणि म्हणाली की दिवेलागणीले इरजन देत नसतेत, सकाळी घेऊन जाय. आमच्याकडे हे सगळेच पाळतात, मीसुद्धा पाळते. त्या वेळी मीही कुणाला दिलं नसतं. पण दिवसभर उन्हातून आलेली, त्यात रिकामी वाटी घेऊन परत फिरायचं, याचा मला भयंकर राग आला. सकाळी तिने दारातून हाकही मारली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीला किक मारली. तिची वाटी तिला लखलाभ, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

दही नसेल तर दुसरा उपाय सरांनी शिकवून ठेवलेला होता. स्वतःच्या दातांवरचा मळ काडीने खरवडून घ्यायचा, त्यात दोन्ही घराण्यांचे जंतू असतात. मला त्याची किळस यायची. त्या शनिवारी मी गेल्या गेल्या रजिस्टर उघडलं, तारीख टाकली आणि सवयीने लिहिलं, ‘दही – जांभळं’. लिहिताना हात अडखळला नाही. एक दिवस काय होतंय, असं वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल.

अकराच्या सुमाराला बाळंतिणींच्या वॉर्डातून डोळ्यातला पू तपासायला आला. चार दिवसांचं बाळ, मुलगा, दोन्ही डोळे सुजून बंद झालेले. बालरोगाच्या डॉक्टर मॅडमनी निरोप पाठवला होता की लवकर बघा. मी दोन काचा केल्या, एक रंगवली, एक तशीच ठेवली. उरलेला पू रक्त मिसळलेल्या जेलीच्या प्लेटवर लावून उबदार कपाटात ठेवला, दोन दिवसांनी त्यावर जंतू वाढलेले दिसतात. मग डोळा लावला. जोडीजोडीने बसलेले गोल जंतू, सगळे गुलाबी. काही पेशींच्या आतही आहेत असं मला वाटलं. जोडीतल्या दाण्यांची टोकं जरा निमुळती होती. मला ज्यांचा संशय होता ते जंतू राजम्याच्या दाण्यांसारखे, पोटं एकमेकांकडे करून बसलेले असतात. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण रंग गुलाबी होता आणि रंगाने माझं मन केव्हाच ठरवून टाकलं होतं.

नवजात बाळाच्या डोळ्यात असे गुलाबी जोडीदार सापडले तर त्याचा अर्थ बहुतेक एकच. परमा. नवरा-बायकोच्या संबंधातून पसरणारा रोग, जन्माच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यात उतरतो. पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष सापडलं म्हणून मला आनंद झाला होता. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण झाला होता. मी रिपोर्ट लिहिला आणि स्वतः वॉर्डात नेऊन दिला.

मॅडमनी बाळाला लगेच इंजेक्शन सुरू केलं. ते औषध दोन्ही घराण्यांच्या जंतूंवर चालतं, त्यामुळे बाळाचे डोळे कसेही बरे होणारच होते. माझ्या चुकीने बाळाला काही झालं नाही, हे आधीच सांगते. मॅडमनी नियमाप्रमाणे आई-बापाला खोलीत बोलावून दार लावून घेतलं, काही प्रश्न विचारले आणि दोघांनाही औषध घ्यावं लागेल म्हणून सांगितलं. दाराबाहेर बाकावर बाईची सासू बसली होती. बंद दाराआड नवरा-बायकोला कोणत्या रोगाबद्दल विचारतात हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. संध्याकाळी वॉर्डात तिने सुनेला सगळ्यांसमक्ष नको नको ते ऐकवलं, असं मला नंतर सिस्टरकडून कळलं. रविवारी बाळाने डोळे उघडले आणि सुट्टी झाली. सासूने तिला घरात घ्यायला साफ नकार दिला. ती बाळाला घेऊन माहेरी गेली, मारेगावकडे.

सोमवारी सर आले. आल्या आल्या त्यांनी उबदार कपाट उघडलं, ती प्लेट बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. बारीक बारीक ठिपके, प्रत्येकाभोवती हिरवट कडं. मी शनिवारचा रिपोर्ट सांगितला. ते म्हणाले, परम्याच्या जंतूंना साधं रक्त चालत नाही, त्यांचे फार लाड करावे लागतात; हे कोणी दुसरेच पाहुणे आहेत. मग त्यांनी रजिस्टर ओढलं, शनिवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि दही कुठलं होतं ते विचारलं. मी म्हटलं, आणलं नव्हतं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“मंग हे जांभळं कोनाले दिसलं?”

आपल्या डब्यातलं दही काढून त्यांनी माझ्याच आयोडीनने रंगवलं आणि मला डोळा लावायला सांगितलं. दही गुलाबी होतं, लग्नातल्या अक्षतांसारखं. खिडकीतली बाटली त्यांनी उचलून पाहिली. गर्द तपकिरी असायला हवं ते आयोडीन पाणचट चहाच्या रंगावर आलं होतं. त्यांनी ते बेसिनमध्ये ओतून टाकलं आणि नवीन बनवलं. पुन्हा दही रंगवलं, ते जांभळं आलं. मग शनिवारची न रंगवलेली दुसरी काच माझ्यापुढे सरकवली. ती मी रंगवली. त्याच जोड्या, तीच निमुळती टोकं, पण गर्द जांभळ्या. न्यूमोनिया करणारा जंतू, तो लहान मुलांच्या डोळ्यातही शिरतो. आई-बापाच्या चारित्र्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मॅडम मला फार काही बोलल्या नाहीत, पण दुसरा रिपोर्ट वाचताना त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाळाच्या बापाला फोन लावला. तो लोहाऱ्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की बायको माझा फोन उचलत नाही, माझं ऐकणार नाही, तुमच्यापैकी कोणीतरी जाऊन सांगा. त्याच्या आवाजात आनंद नव्हता याचं मॅडमना नवल वाटलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. कोणी जायचं याची चर्चाच झाली नाही. ज्या हाताने लिहिलं त्याच हाताने न्यावं, एवढं सर म्हणाले आणि मॅडमनी सही करून कागद माझ्याकडे दिला.

मंगळवारी मी एसटीने गेले. करंजीला बस बराच वेळ थांबली. खिडकीचा लोखंडी गज हात लावता येऊ नये इतका तापलेला होता. मी मनात वाक्यं जुळवत होते. चूक आयोडीनची झाली, उन्हाने झाली, बाटलीने झाली. रजिस्टरचा उल्लेख मी जुळवलेल्या एकाही वाक्यात नव्हता.

गाव मारेगावपासून थोडं आत होतं, तिथे ऑटोने गेले. टिनाचं छप्पर, दारात कूलर, त्यात तिची आई बादलीने पाणी ओतत होती. आतल्या खोलीत ती बाळाला घेऊन बसली होती. तेवीस-चोवीसची असेल. शेजारी तीनेक वर्षांची मुलगी चटईवर झोपलेली, ती पहिली. बाळाचे डोळे स्वच्छ उघडे होते आणि ते छताकडे बघत होतं. मी कोण ते सांगितलं आणि कागद दिला. बारावी झालेली होती, तिने रिपोर्ट स्वतःच वाचला, दोनदा.

“म्हंजे मले काही नव्हतं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, नव्हतं. तुम्हालाही नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. मला वाटलं आता ती रडेल किंवा माझ्यावर चिडेल, आणि दोन्हीची मी तयारी करून आले होते. पण तिने कागद घडी करून मांडीवर ठेवला.

“त्यायले बी नव्हतं?”

नव्हतं, मी पुन्हा सांगितलं. तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि बराच वेळ थोपटत राहिली. मग आईला चहा ठेवायला बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात सांगू लागली. शनिवारी सासू वॉर्डात बोलत होती तेव्हा हिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आपण तशी नसल्याची शपथ घेतली होती. नवरा तेव्हा गप्प उभा होता. थोड्या वेळाने त्याने तिला जिन्याजवळ नेलं आणि सांगितलं की हे माझ्यामुळेच झालं असणार. पहिल्या बाळंतपणाला ती इथे माहेरी होती तेव्हा तो कापसाच्या गठाणींच्या ट्रकवर जायचा. त्या दिवसांत एकदा, रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे. एकदाच, असं तो म्हणाला. आईला हे सांगायची त्याला हिंमत झाली नाही, पण बायकोने स्वतःला दोष देऊ नये म्हणून तिला सांगितलं.

हे सांगताना तिचा आवाज कुठेच चढला नाही. कूलरचा पंखा घरघर करत होता आणि मला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं.

“रिपोर्ट चुकला तं तुमी दुसरा आनला,” ती म्हणाली. “त्यानं सांगतलं ते कुठून बदलून आनू?”

एसटीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही इथे चालणार नव्हतं. मला लाज वाटली. चुकीची लाज तर सोमवारपासूनच वाटत होती, ही वेगळी होती. समोरच्या बाईच्या नवऱ्याने तिच्यासाठी स्वतःहून तोंड उघडलं होतं आणि मी माफी मागायला येऊनही निम्मंच सांगत होते. मग मी सगळं सांगितलं. दही, दिवेलागण, शेजारीण, माझा राग, आणि रजिस्टरात न बघता लिहिलेली ती ओळ.

“पाह्यलंच नाही अन् लिवलं?”

“हो.”

“काहून?”

मी म्हटलं, शेजारणीवर रागावले होते. ती हसली नाही. बाळाचं टोपडं सरळ करत ती फक्त एवढंच म्हणाली की याच्या बापाले तं जिन्याजवळ कोनी विचारलंबी नव्हतं, तरी सांगतलं. तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आत आली आणि तो विषय तिथेच थांबला.

मी निघताना तिने माझ्याकडे आणखी एक कागद मागितला. रिपोर्ट इंग्रजीत होता, सासूला वाचता येणार नव्हता. मी पर्समधल्या वहीचं पान फाडून मराठीत लिहिलं की बाळाच्या आईला कसलाही आजार नव्हता, तपासणीत माझी चूक झाली होती, आणि खाली सही केली. असे कागद द्यायची आम्हाला परवानगी नाही. तिने ते पान घडी करून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवलं. परत आल्यावर मी सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कागदात काय लिहिलं ते विचारलं नाही. रजिस्टरातली शनिवारची ओळ मात्र त्यांनी माझ्याकडून खोडून घेतली आणि शेजारी कारण लिहायला लावलं. ते पान अजून आहे. नवीन लागलेल्यांना सर ते दाखवायचे, माझ्यासमोरच.

बाळाला गोवराची लस द्यायची होती तेव्हा ते लोक परत दवाखान्यात आले. हिवाळा सरत आला होता. सकाळची वेळ, मी नुकतंच दही रंगवून काच मायक्रोस्कोपखाली सरकवत होते. दारात सावली पडली म्हणून मान वर केली तर ती उभी होती, हातात कार्ड. खिडकीतून खाली कडुलिंबाजवळ तिचा नवरा दिसत होता. मी त्याला प्रथमच पाहत होते. बाळ त्याच्या कडेवर होतं आणि मोठी मुलगी त्याच्या पँटला धरून उभी होती. मी घरचं कसं काय ते विचारलं. राहून राह्यलो संगंच, एवढंच तिने सांगितलं. सासूला कागद दाखवला का, ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही.

“मॅडम, आज दही आनलं का?”

मी उठून तिला स्टूल दिलं. मोठा गोल स्क्रू कसा फिरवायचा, बारीक कसा फिरवायचा ते दाखवलं. तिने एक डोळा मिटून दुसरा लावला, डोकं मागे घेतलं, पुन्हा लावला. बराच वेळ बघितलं. खालून बाळाचा रडण्याचा आवाज आला तरी ती हलली नाही.

“जांभळं हाये,” ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने टेबलावरच्या रजिस्टरकडे बोट केलं.

“लिवा मंग.”

ती शेजारी उभी राहून बघत होती. मी तारीख टाकली आणि लिहिलं.